महालातून समुद्राकडे जायचं असेल तर

दिवाळीत घरी आले की नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात अकरावी-बारावीचं कुणीतरी विचारतंच, "ताई, मला समुद्रातले जीव वाचवायचे आहेत. नागपुरातून कसं जमणार?" मी रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर मासेमारी आणि कासवांचं काम करते. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा वीस वर्षांची होते. म्हणून हे सगळं लिहूनच ठेवते.

सुरुवात भोईपुऱ्यातून कर. एका सकाळी पट्टी आणि वही घेऊन मासळीबाजारात जा. बर्फातून आलेली पापलेटं दिसतील. विकणाऱ्या मावशींना विचार आणि दहा मासे मोज, तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत. २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. पापलेटची १३५ मिलिमीटर. त्याहून लहान म्हणजे बहुधा एकदाही अंडी न घालता ताटात आलेलं पिल्लू. तारीख, लांबी, भाव, माल कुठून आला, सगळं लिही. महिनाभर दर रविवारी जा. बंदरावर माझं निम्मं काम हेच असतं, फक्त मासे पुष्कळ. यात मन रमलं नाही तर ते आत्ताच कळलेलं बरं, कारण डॉल्फिन बघण्याचे दिवस थोडे आणि मोजण्याचे दिवस फार.

आता एक सावधगिरी. मी बारावीत असताना बाबांनी 'मरीन करिअर' नावाच्या एका कार्यक्रमाचे पैसे भरले होते. दोन तास फक्त मालवाहू जहाजांवरच्या नोकऱ्यांबद्दल ऐकलं. मरीन इंजिनिअरिंग म्हणजे जहाजाची यंत्रं, मर्चंट नेव्ही म्हणजे मालवाहतूक. तुला शोधायचे शब्द वेगळे: मत्स्यविज्ञान, सागरी जीवशास्त्र, सागरविज्ञान.

माझी वाट नागपुरातल्याच तेलंखेडीतून गेली. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय तिथे आहे. बारावीला जीवशास्त्र हवं, पदवी चार वर्षांची. प्रवेशाचे नियम त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच पाहा. आई म्हणायची, "एवढं शिकून मासेच मोजशील का बाप्पा?" पण जाळं कळल्याशिवाय मासा वाचवता येत नाही, हे मला तिथे उमगलं. जाळ्याच्या भोकाला आस म्हणतात. ट्रॉलरच्या, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक होडीच्या, जाळ्याची शेवटची पिशवी शंकरपाळ्यासारख्या आसाची असली, तर ओढताना आस मिटतो आणि पिल्लंही अडकतात. चौकोनी, ४० मिलिमीटरचा आस उघडा राहतो, पिल्लं निसटतात. एवढी साधी गोष्ट. पण ती नाखव्याला, म्हणजे होडीच्या मालकाला, पटवायला त्याच्या होडीवर रात्री काढाव्या लागतात, त्याच्या डिझेलचा हिशेब समजून घ्यावा लागतो. त्याची सवय इथेच लाव: तलावावरच्या ढिवर काकांजवळ बस, त्यांचं जाळं कधी आणि का बदलतं ते विचार.

पुढे शिकायला मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, कोचीत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था. बी.एस्सी. प्राणिशास्त्र करून सागरी जीवशास्त्रात एम.एस्सी. करणारेही पुष्कळ.

जीवशास्त्र आवडत नसेल तरी हरकत नाही. नकाशे आवडत असतील तर उपग्रहचित्रांवरून कांदळवनं (खारफुटीची जंगलं) मोजण्याची विद्या शिक. असं काम करणारं राज्याचं सुदूर संवेदन केंद्र आपल्या नागपुरातच आहे. कांदळवनांसाठी वन विभागाचा स्वतंत्र कक्ष २०१२ पासून काम करतो. पशुवैद्य जखमी कासवांवर उपचार करतात. वकील किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवरच्या बंधनांचे, खटले लढतात. आणि सांडपाण्याचं शास्त्र शिकलेला माणूस तर मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपली नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, पुढे प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. महालाच्या नाल्यात पडलेली पिशवी त्याच वाटेला लागते. नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५८ पासून इथे आहे. पर्यावरण अभियांत्रिकीला जाणाऱ्याने समुद्रापासून दूर गेलो असं मुळीच समजू नये.

पोहायला मात्र आजच शिक. स्कुबा नंतर, गरज पडली तर.

पैशाचं घरी स्पष्ट सांग. सुरुवातीच्या नोकऱ्या बऱ्याचदा प्रकल्पापुरत्या, करारावर असतात. प्रकल्प संपला की पुन्हा अर्ज. मी दोनदा घरी परत आले होते.

आणि आईबाबांना एकदा वेळासला ने, रत्नागिरी जिल्ह्यात. ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी गावकरी राखतात, पिल्लं साधारण दीड-दोन महिन्यांनी बाहेर येतात. राहण्याची सोय गावातल्याच घरांत होते. निघण्याआधी तिथे फोन करून पिल्लं कधी अपेक्षित आहेत ते विचार, आणि किनाऱ्यावर टॉर्च लावू देऊ नकोस. उजेडाकडे वळून पिल्लं समुद्राची वाट चुकतात.