ऑइलचा लाल दिवा आणि इंजिनची ठकठक

"भाऊ, थो लाल दिवा तं मयन्यापासून लागते, पण गाडी बरोब्बर पयते." दारव्ह्याला माझ्या शेडमध्ये जुनी मारुती ८०० घेऊन कुणी असं म्हणालं, की मी आधी चावी मागून घेतो. या दिव्याचा स्विच साधारण ५-७ पीएसआयला (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) लागतो. दिवा दिसेपर्यंत ऑइलचं प्रेशर जवळजवळ संपलेलं असतं. क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, फिरतो तो बेअरिंगमधल्या ऑइलच्या थरावर. तो थर तुटला की धातूवर धातू घासतो.

हे मी स्वतःच्या खिशातून शिकलो. जीप चालवायचो तेव्हाची गोष्ट. रामनवमीला पोहरादेवीची भाडी होती, गाडीत नऊ माणसं. दिग्रसच्या अलीकडे गाडी हळू केली की दिवा मिणमिणायचा, रेस दिली की विझायचा. वायरिंग असेल म्हणून तसाच दामटत गेलो. पुढे खालून ठक-ठक सुरू झाली. पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या रॉडचं बेअरिंग गेलं होतं आणि क्रँकवर नखाला अडकतील असे ओरखडे. माणसांना दुसऱ्या गाडीत बसवून दिलं, सोयाबीनचा पैसा इंजिनात गेला.

म्हणून दिवा लागला की गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा. घरापर्यंतही नेऊ नका.

दहा मिनिटं थांबून ऑइल मोजायची पट्टी बघा. गाडी सपाट जागी पाहिजे. धुऱ्यावर तिरपी उभी असली तर पट्टी खोटं सांगते. ऑइल कमी असेल तर भरा आणि गळती शोधा. खुणेच्या वर चढलेलं दिसलं तर खुश होऊ नका, बोटावर घेऊन वास घ्या. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात उतरतं, ऑइल पाण्यासारखं होतं आणि प्रेशर बसतं. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, बहुधा हेडखालचं पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, गेलंय. या दोन्हींत गाडी सुरूच करायची नाही.

ऑइल बरोबर असेल तर पुढची पायरी मोजण्याची. इथेच लोक घाई करतात आणि सरळ इंजिन खोलायला सांगतात. ऑइलचा स्विच काढा, त्याच भोकात प्रेशर मोजायचा गेज लावा. गाडी थंड असताना काटा छान वर जातो, त्यावर जाऊ नका. पंखा लागेपर्यंत गरम होऊ द्या, मग बघा. ढोबळ हिशेब असा: दर हजार आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) १० पीएसआय. गाडीच्या पुस्तकात आकडा असेल तर तोच खरा. इकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा झिजलेलं इंजिन दुपारी जे दाखवतं ते सकाळी दाखवत नाही. गेजवर प्रेशर चांगलं आलं आणि आवाजही नसला तर स्विच बदला, काम संपलं.

आता आवाज. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवा, मूठ कानामागच्या हाडाला. गळ्यातला दुपट्टा आधी काढून ठेवा, पंख्यात ओढला जातो. वरून, हेडकडून बारीक टिकटिक येत असेल तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारा भाग; गॅप सेट करून बहुतेक वेळा भागतं. इंजिन थंड असताना खडखड आणि गरम झाल्यावर गायब, तो पिस्टन. अशी गाडी बरीच वर्षं चालते. रेस देऊन सोडताना खालून टणक ठक-ठक आली तर रॉडचं बेअरिंग. लोड घेताना खोलवर धबधब आली तर मेनचं, म्हणजे क्रँक ज्यावर बसतो ते बेअरिंग.

रॉडची शंका असेल तर इंजिन बंद करून एका वेळी एकाच प्लगची वायर काढा, ती अर्थ करा, थोडा वेळ चालवून ऐका. ज्या सिलिंडरला ठोका मंदावला, बेअरिंग त्याचं. हे कार्बोरेटरच्या पेट्रोल गाडीवरच करा.

प्रेशर खरंच कमी असेल तर चेंबर उतरवा. आधी ऑइल पंपाची जाळी बघा. वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या गाडीत तिथे डांबरासारखा गाळ बसतो आणि पंप नुसताच चोखत राहतो. मग जुना फिल्टर कापून कागद उन्हात धरा. चमचमते कण चुंबकाला चिकटले नाहीत तर ते बेअरिंगचे समजा. बेअरिंगचा राखाडी थर जाऊन खालचं तांबं दिसत असेल तर क्रँक मोजल्याशिवाय नवीन बेअरिंग टाकू नका. पंप आणि जादा प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्हही त्याच वेळी काढून बघा. व्हॉल्व्ह उघडा अडकला तरी प्रेशर पडतं.

जाड ऑइल टाकून दिवा विझवणारे आहेत. विकणाऱ्याचं काम होतं, घेणारा फसतो.

सगळं बसवल्यावर लगेच चावी मारू नका. नवी बेअरिंगं कोरडी असतात. प्लग काढून ठेवा, कॉइलची वायर सोडा, पेट्रोलचा पाइप बंद करा आणि थांबत थांबत सेल्फ मारा. गेज लावला असेल तर काटा हलला, स्विच बसवला असेल तर लाल दिवा विझला, की मग प्लग बसवा.