पिट्युटरीतले गाबा-तंतू: फिक्सेटिव्ह ठरल्याशिवाय उंदराला हात लावू नका

मेंदूच्या तळाशी लोंबणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीत गाबा (मज्जापेशींना शांत करणारा रासायनिक निरोप्या) वाहणारे मज्जातंतू अँटिबॉडीनं, म्हणजे नेमका तोच रेणू ओळखणाऱ्या प्रथिनानं, रंगवून बघायचे असतात. खानापूर-निपाणीकडून बेळगावच्या लॅबमध्ये येणारी पोरं अँटिबॉडीच्या किमतीला घाबरतात. घाबरायचं ते फिक्सेटिव्हला, म्हणजे ऊती जशीच्या तशी घट्ट करणाऱ्या द्रावणाला.

गाबाचा रेणू इतका लहान, की नुसत्या पॅराफॉर्माल्डिहाइडनं तो ऊतीत नीट धरला जात नाही, धुण्यात निघून जातो. ग्लुटाराल्डिहाइड त्याला शेजारच्या प्रथिनाशी बांधतं. गाबाच्या बहुतेक अँटिबॉडी अशाच, ग्लुटाराल्डिहाइडनं अल्ब्युमिनला जोडलेल्या गाबाविरुद्ध तयार केलेल्या असतात. मोकळा गाबा नव्हे, ती जोडणी त्या ओळखतात. परफ्यूजनमध्ये (हृदयातून रक्तवाहिन्यांत फिक्सेटिव्ह सोडताना) ग्लुटाराल्डिहाइड नसेल तर अँटिबॉडी कितीही दाट घ्या, स्लाइड बहुधा कोरीच. जीएडीचं (गाबा बनवणारं एन्झाइम; गाबाच्या पेशी ओळखायला तेही रंगवतात) उलटं: ते मोठं. त्याला ०.१ मोलर फॉस्फेट बफरमधलं (पीएच ७.४) ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड पुरतं, जास्तीचं ग्लुटाराल्डिहाइड अँटिजेन झाकून टाकतं. म्हणून दोन्हींसाठी उंदीर वेगळे. सिनिअरचे जुने ब्लॉक (आधीच फिक्स केलेल्या ऊतीचे तुकडे) फुकट मिळतात खरे, पण वहीत फिक्सेटिव्ह लिहिलेलं नसेल तर घेऊच नका. 'चालतंय की' म्हणणाऱ्या गाईडलाही हे विचारा.

ग्लुटाराल्डिहाइडनंतर १ टक्का सोडियम बोरोहायड्राइड, ताजं बनवून. मग बुडबुडे थांबेपर्यंत बफर बदलत राहा. नाही तर पार्श्वभूमीच चमकते.

मेंदू उचलताना देठ तुटून ग्रंथी कवटीच्या तळाच्या खाचेत राहते. राहू दे. तळासकट फिक्सेटिव्हमध्ये ठेवा, घट्ट झाल्यावर ड्युरा (वरचं जाड आवरण) कापून ग्रंथी काढा. घाई केली की मागचा लोब सुटून जातो, आणि बरेच तंतू त्यातच.

उंदरात हे तंतू मागच्या आणि मधल्या लोबमध्ये बघा. मधल्यात गाबा आणि डोपामिन एकाच तंतूतही सापडतात. पुढच्या लोबमध्ये तंतू जवळजवळ नसतात, तिथं गाबा पोर्टल रक्तातून (हायपोथॅलॅमसकडून थेट येणाऱ्या रक्तवाहिन्यांतून) पोचतो. हा लोब कोरा दिसला तर खचू नका. उलट तिथं भरपूर तपकिरी दिसलं तर तांबड्या पेशींच्या पेरॉक्सिडेजवर संशय घ्या: सलाइननं रक्त पुरतं धुवा, अँटिबॉडी लावण्याआधीच हायड्रोजन पेरॉक्साइड द्या, तपकिरी रंग देणाऱ्या डॅबच्या ऐन आधी नको.

त्याच उंदराचा सेरेबेलम (लहान मेंदू) सोबत रंगवाच, त्यातल्या पुर्किन्ये पेशींत गाबा असतोच. पुर्किन्ये पेशीही कोऱ्या, तर आधी फिक्सेटिव्ह तपासा. त्या रंगल्या आणि मागचा लोब नाही, तर तो काढताना गेला का ते बघा. प्रीअॅब्सॉर्प्शनला (अँटिबॉडी आधी गाबानं भरून रंग जातो का ते बघायच्या चाचणीला) मोकळा गाबा नको, जोडलेलाच वापरा.

जून ते सप्टेंबर इथल्या दमट हवेत सेक्शन (ऊतीचे पातळ काप) स्लाइडवरून सुटतात. जिलेटिनच्या स्लाइड वापरा, रात्रभर ३७ अंशांवर वाळवा.