विनिअर लावताय? दाराची मागची बाजू विसरू नका

कपाटाच्या दाराला विनिअर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, लावताना सगळं लक्ष दर्शनी बाजूकडे असतं. मागची बाजू कोरी राहिली, की मुंबईच्या पावसाळ्यात ती दमट हवा शोषून फुगते आणि दार हळूहळू वाकतं. म्हणून प्लाय असो वा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड), मागेही विनिअर, निदान लायनर (मागच्या बाजूचा साधा पातळ थर) तरी, त्याच वेळी चिकटवून घ्या. मिस्त्री ‘गरज नाही’ म्हणतीलच. इथे पैसे वाचवू नका.

एमडीएफच्या कापलेल्या कडा गोंद पितात. आधी पातळ गोंदाचा एक हात देऊन वाळू द्या, मग कडेची पट्टी लावा. पॉलिशला मात्र कोरड्या हवेची वाट पाहा. भर पावसात मेलामाइन पॉलिशवर पांढुरकी झाक येते. आणि विनिअरच्या शीट्स एकाच गठ्ठ्यातल्या घ्या, नाहीतर लाकडाच्या रेषा जुळत नाहीत.