महाकाय विषाणूंसाठी ठाण्यातल्या तलावाचा नमुना कसा घ्यावा

विषाणू शोधायचे म्हणजे पाणी ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचे आणि खाली उतरलेले तपासायचे, ही जुनी सवय. महाकाय विषाणू नेमके त्या फिल्टरवर अडकतात आणि आपण फिल्टर कचऱ्यात टाकतो. त्यांपैकीच एक असलेल्या मिमीव्हायरसचे कवच सुमारे ४०० नॅनोमीटरचे (०.४ मायक्रॉन), वरचे तंतू धरले तर ७५०च्या आसपास. १९९२ साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या कूलिंग टॉवरमध्ये तो मिळाला तेव्हा जिवाणू ओळखायचा ग्रॅम रंग धरतो म्हणून जिवाणूच समजला गेला. विषाणू म्हणून ओळख पटली २००३ मध्ये. आयआयटी मुंबईच्या संशोधकांना पवई तलावात असे विषाणू मिळालेत, तेव्हा मासुंदा, उपवन, कचराळी इथेही शोधायला हवेत.

आधी महापालिकेची लेखी परवानगी काढा. नमुना कारंज्यापासून, नाल्याच्या तोंडापासून आणि काठापासून दूर, ३० सेंटिमीटर खोलीवर, निर्जंतुक केलेल्या एक लिटरच्या दोन बाटल्यांत घ्या. झाकण पाण्याखालीच उघडा, नाहीतर वरची शेवाळाची साय आत येते आणि फिल्टर लगेच तुंबतो.

खरी गफलत वेळेत होते. हिरव्या पाण्यात शेवाळ दिवसभर कार्बन डायऑक्साइड ओढते. त्यामुळे दुपारी सामू (पीएच) ९च्या वर जाऊ शकतो, विरघळलेला ऑक्सिजन १०० टक्के संपृक्ततेपलीकडे जातो, आणि पहाटे दोन्ही खाली येतात. एका तलावाचे पाणी सकाळी आणि दुसऱ्याचे दुपारी घेतले, तर तुम्ही तलावांची नव्हे, घड्याळाची तुलना करत असता. प्रत्येक फेरी एकाच वेळी करा; सकाळी ८ ते ९ चांगले. तापमान, सामू, ऑक्सिजन तिथेच मोजा, बाटली प्रयोगशाळेत नेऊन नाही. पारदर्शकतेसाठी २० सेंटिमीटरची काळी-पांढरी सेकी तबकडी सावलीच्या बाजूने सोडा. ती दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी नोंदवा. हा आकडा महत्त्वाचा, कारण पाणी स्वच्छ असले की अतिनील किरण खोलवर जाऊन विषाणू निकामी करतात. पावसाळ्यात गढूळ पाण्यात ते मातीच्या कणांना चिकटतात आणि गाळात बसतात. म्हणून जुलैत पाण्यात विषाणू कमी मिळाले म्हणजे तलावातच कमी आहेत, असे मानू नका. थोडा गाळही घ्या.

नायट्रेट-फॉस्फेटसाठी वेगळी बाटली. शेवाळ मोजायला १०० मिलिलिटर पाण्यात एक मिलिलिटर ल्युगोलचे आयोडीन. रंग फिकट चहासारखा आला पाहिजे.

बाटल्या बर्फाच्या पेटीत ४ अंशांवर ठेवा, गोठवू नका, आणि त्याच दिवशी गाळा: आधी २० मायक्रॉनची जाळी, मग १.२, मग ०.२ मायक्रॉन. शेवटचे दोन्ही फिल्टर उणे ८० अंशांवर जपा. पिथोव्हायरस हा महाकाय विषाणू दीड मायक्रॉन लांब असतो, तो १.२ वरच अडकू शकतो. पेशींच्या आत वाढणारे विषाणूही तिथेच सापडतात.

जिवंत विषाणू हवा असेल तर थोडे पाणी न गोठवता ठेवून त्यातला विषाणू अकँथअमिबा या एकपेशीय जीवावर वाढवावा लागतो. हा अमिबा डोळ्याच्या बुबुळाला इजा करू शकतो. गॉगल घाला, कॉन्टॅक्ट लेन्स काढा आणि हे काम प्रशिक्षित माणसाकडे जैवसुरक्षा असलेल्या प्रयोगशाळेतच द्या. अमिबा गोल होऊन फुटले म्हणजे विषाणू मिळाला असे लगेच लिहू नका: पाण्यातले जिवाणू आणि बुरशीही त्यांना मारतात. प्रतिजैविक घालून दुसऱ्या ताज्या अमिबावर पुन्हा चढवा, शेजारी पाणी न घातलेला अमिबा ठेवा, आणि पीसीआर (विषाणूच्या जनुकांची चाचणी) जुळल्यावरच नोंद करा.