कॉइलओव्हर बसवले, आता सेटिंग कसं करायचं?

कॉइलओव्हर (डँपर म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, त्याच्याभोवती स्प्रिंग, आणि उंची बदलायला आट्यांवरच्या रिंगा) बसले की पहिला मोह होतो तो गाडी जमिनीला टेकेपर्यंत खाली आणायचा. तो आवरा. गाडी फार खाली गेली की डँपरला हलायला जागा उरत नाही, तो बंपस्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडथळ्यावर, जाऊन बसतो आणि भर वळणात चाकाची पकड एकदम सुटते. एकच गाडी रस्त्यावर आणि ट्रॅकवर चालवणार असाल, तर उंची एकदाच ठरवा आणि रोजचा बदल डँपरच्या क्लिकवर (कडकपणाच्या नॉबच्या टप्प्यांवर) करा. उंचीबरोबर कँबर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकांची पुढची कड किती आत-बाहेर वळलेली आहे ते), म्हणजे अलाइनमेंटसुद्धा बदलते. ट्रॅकच्या आदल्या रात्री रिंगा फिरवल्या, तर सकाळी वेगळ्याच अलाइनमेंटची गाडी हातात येते.

आधी वही काढा. सपाट जमीन, टायरमध्ये ठरलेली हवा, अर्धी टाकी इंधन आणि सीटवर तुमच्याइतकं वजन. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना मोजून लिहा. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज आणि हवा त्या मापात शिरते.

आता गाडी जॅकवर घ्या, पण खाली हात घालण्याआधी स्टँड लावा. आट्यांवरची माती ब्रशने झाडा. मातीतच रिंग फिरवली, तर ॲल्युमिनियमचे आटे खरवडतात आणि पुढच्या वेळी रिंग हलतच नाही. लॉक रिंग हुक पान्याने सैल करा, मग उंचीची रिंग फिरवा. डँपरचा वरचा नट मात्र स्प्रिंग दाबलेली असताना कधीही सोडू नका.

इथे रचना पाहावी लागते. काही कॉइलओव्हरमध्ये डँपरचं खालचं ब्रॅकेट वेगळं फिरतं. उंची त्याच्यावर बदलते, स्प्रिंगचा प्रीलोड (तिला आधीच दिलेला दाब) जसाच्या तसा राहतो. बाकीच्यांत स्प्रिंगची बैठकच सरकते, म्हणजे गाडी वर-खाली होताना डँपरची हालचालही एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त होते. प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते असं अनेकजण सांगतात. सरळ दराच्या स्प्रिंगमध्ये तसं होत नाही, फक्त गाडी उचलली जाते.

रिंग किती फिरवली की किती फरक पडतो, हे सस्पेन्शनवर ठरतं. स्ट्रट (स्प्रिंग-डँपरचा खांब थेट चाकापाशी) असेल तर रिंग १० मिमी सरकली की गाडीही साधारण तेवढीच हलते. डबल विशबोनमध्ये (चाक दोन आर्मनी धरलेलं) स्प्रिंग आर्मवर आत बसलेली असते. मोशन रेशो (चाकाच्या हालचालीच्या तुलनेत स्प्रिंगची हालचाल) ०.७ असेल, तर त्याच १० मिमीचे चाकापाशी सुमारे १४ मिमी होतात. म्हणून थोडं फिरवा, गाडी खाली घ्या, पुढे-मागे ढकलून सस्पेन्शन बसू द्या आणि मगच मोजा. जॅकवरून नुकत्याच उतरवलेल्या गाडीचं माप खोटं असतं. उंची ठरली की आर्मच्या सांध्यांतल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना घट्ट करा. हवेत लटकत असताना घट्ट केले तर बुश कायमचे पिळलेले राहतात.

चार वजनकाटे मिळाले तर पुढचं काम रंगतदार आहे. अँटीरोल बारच्या (डावं-उजवं चाक जोडून गाडीचं कलणं आवरणाऱ्या दांड्याच्या) लिंक सोडा आणि चालकासकट गाडी काट्यांवर घ्या. समजा, पुढे डावं चाक ३८० किलो, उजवं ३६०. मागे डावं ३२०, उजवं ३४०. एकूण १४००. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून ६८० होतात, उरलेला कर्ण ७२०. अशी गाडी डाव्या आणि उजव्या वळणात वेगवेगळी वागते. रिंगने गाडीचा कोणताही एक कोपरा उंचावला, की तिथल्या चाकावरचं आणि समोरच्या कर्णातल्या चाकावरचं वजन वाढतं. म्हणून इथे पुढची उजवी आणि मागची डावी रिंग अर्धा-अर्धा फेरा वर, उरलेल्या दोन तेवढ्याच खाली, असं करत दोन्ही कर्ण ७०० च्या जवळ आणायचे. पुढचं-मागचं किंवा डावं-उजवं एकूण वजन रिंगांनी बदलत नाही, त्यासाठी सामानच हलवावं लागतं. काटे नसतील तर डावी-उजवी उंची समान ठेवून पुढे चला.

त्यानंतर अलाइनमेंट करून घ्या. ती टाळायची नाही. उंची बदलली असल्याने हेडलाइटचा कोनही तपासून घ्या. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर, ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर कुठे घासत नाही ना, तेही पाहा.

आता क्लिक. नॉब कडक बाजूला हलक्या हाताने शेवटपर्यंत न्या, जोर लावू नका. तिथून सैल करत मोजा. दोन्ही बाजूंची मोजणी त्याच टोकापासून हवी. मी एकदा डावीकडे कडक टोकापासून आणि उजवीकडे सैल टोकापासून मोजलं आणि दिवसभर टायरला दोष देत बसलो. सुरुवात मधल्या क्लिकपासून करा. खड्ड्यानंतर गाडी डोलत राहिली, तर रिबाउंड (डँपर परत लांब होतानाचा त्याचा रोध) वाढवा. सलग उंचवट्यांवर ती हळूहळू खाली बसत गेली, तर रिबाउंड जास्त झाला आहे, दोन क्लिक सोडा. वळणात शिरताना पुढचं टोक बाहेर पळत असेल, तर पुढचे डँपर थोडे सैल करून पाहा. हाच त्रास वळणाच्या मध्यावर, वेग आणि स्टिअरिंग स्थिर असताना होत असेल, तर क्लिकमध्ये उत्तर शोधू नका. तिथे स्प्रिंग, अँटीरोल बार आणि कँबर बोलतात.

एका वेळी एकच बदल आणि एका टोकाच्या दोन्ही बाजूंना सारखाच. ट्रॅकवर पिटमध्ये शिरताच टायरचं तापमान आत, मध्ये, बाहेर असं तीन ठिकाणी मोजा. आतली कड बरीच जास्त तापली असेल, तर कँबर जास्त आहे. बाहेरची तापली असेल, तर कमी आहे.

काहीशे किलोमीटरनंतर नव्या स्प्रिंग थोड्या बसतात. उंची परत मोजा, लॉक रिंग हाताने हलते का बघा, चाकाचे नट टॉर्क पान्याने तपासा आणि रस्त्यासाठीचे क्लिक वहीत एका पानावर, ट्रॅकचे दुसऱ्या पानावर लिहून ठेवा.