वादळाआधी आणि वादळानंतर : माड-पोफळीच्या बागायतदारांसाठी

3 जून 2020 च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या माड-पोफळीच्या वाड्या (बागा) आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्याच्या मध्यात ‘तौक्ते’ आले, तेव्हा आंबा अजून झाडावर होता. अरबी समुद्रात वादळांचे दिवस दोन: मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणून तयारी एप्रिलअखेरीसच सुरू करावी.

पहिले काम नोंदीचे, आणि तेच नेहमी मागे पडते. मिश्र वाडीचे नुकसान गुंठ्यांवरून कळत नाही, झाडेच मोजावी लागतात. माड किती, पोफळी किती, त्यांतली फळ धरणारी किती, हे वहीत लिहा. चारी बाजूंनी फोटो काढून बाहेरगावच्या नातेवाइकाकडेही पाठवून ठेवा. ई-पीक पाहणीत, म्हणजे सातबाऱ्यावरच्या पिकांच्या मोबाइल नोंदीत, सगळी पिके लागली आहेत का, तेही पाहा.

इशारा आला की चौदा आणे (म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार आंबा आधी उतरवा. माडावरचे जून नारळ आणि सुकलेल्या झावळ्या काढा. हिरव्या झावळ्यांना हात लावू नका. रोपवाटिकेची शेडनेट सोडून गुंडाळा, कारण जाळीत वारा भरला की सांगाडाही जातो. वाळत घातलेली सुपारी माळ्यावर टाका, पाण्याचे पाट मोकळे करा. वारा सुटल्यावर मात्र कितीही माल वर असला तरी कोणालाही झाडावर चढवू नका.

वादळ सरल्यावर वीज बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय तारांखालच्या झाडाला करवत लावू नये. पंचनाम्याआधी पडझडीचे फोटो घ्या. आंब्याचे कलम कलंडले असेल आणि काही मुळे मातीत धरून असतील, तर ते वाचू शकते. उघडी मुळे ओल्या गोणपाटाने झाका, फांद्या हलक्या करा, कलम उभे करून माती आणि टेकू द्या. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट हे बुरशीनाशक लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. भांडे प्लास्टिकचे घ्या, लोखंडी नको.

खरी काळजी त्यानंतरची आहे. पडलेले माड वाडीतच कुजू दिले तर त्यांत गेंड्या भुंगा वाढतो आणि वादळातून वाचलेल्या माडांवर जातो. जखमी माडावर सोंड्या भुंगा अंडी घालतो. म्हणून खोडे तुकडे करून लवकर हलवा, आणि शेणखताच्या खड्ड्यातही गेंड्याच्या अळ्या वाढतात, तिथे त्यांना मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळा. उभ्या माडांचे शेंडे आणि खोडे दर पंधरवड्याला पाहत राहा. पान पंख्यासारखे कातरलेले दिसले तर गेंड्या. खोडाच्या भोकातून तपकिरी चीक येत असेल तर सोंड्या.