पुस्तक उशीवर ठेवा

वाचनाची सवय लागत नाही याचं कारण बहुतेक वेळा आळस नसतो, पुस्तक हाताशी नसतं. म्हणून सकाळी अंथरूण आवरतानाच चालू पुस्तक उशीवर ठेवून द्या. रात्री आडवं व्हायचं तर ते उचलावंच लागतं, आणि उचललं की पान उघडतंच. फोन मात्र दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. गजरासाठी साधं घड्याळ पुरतं.

रोज दहाच पानं. सावकाश वाचलं तरी साधारण वीस मिनिटं लागतात. ३०० पानांचं पुस्तक महिन्यात हातावेगळं होतं, म्हणजे वर्षाला बारा! फार दमलात तर एकच पान वाचा, पण खाडा नको. आणि झालाच एखादा, तर दुसऱ्या दिवशी वीस पानांची भरपाई करत बसू नका, पुन्हा दहाच.

थांबताना प्रकरण संपवायचा हट्ट धरू नका. ऐन रंगात आलेल्या प्रसंगात खूण घालून मिटा, उद्या पुस्तक आपणहून बोलावतं. पन्नास पानांनंतरही मन रमत नसेल तर ते खुशाल बाजूला ठेवा. कंटाळवाण्या पुस्तकापायी वाचनच सुटलेले कितीतरी जण मी पाहिलेत, फार वाईट वाटतं. पुढचं पुस्तक आधीच काढून ठेवलेलं असू द्या.